मूळ इंजिन म्हणजे नेमके कोणते?

चिखल्याला मामूंच्या चिकूवाडीत पत्र्याच्या शेडखाली एक काँटेसा उभी आहे. 1986 ची, पेट्रोल. मामूंच्या इंतकालनंतर ती जागची हललेली नाही. परवा ईदच्या जेवणानंतर त्यांच्या दोन मुलांत तिच्यावरून वाद झाला. मोठा म्हणतो, जुने इंजिन काढून टाकू, भंगार बाजारातून एखादे जपानी इंजिन आणून बसवू. धाकटा म्हणतो, अब्बांचे इंजिन आहे, तेच उघडून नीट करू. मला विचारले, म्हणून हे लिहितो आहे.

आधी मोठ्याची बाजू, कारण ती वाटते तेवढी चुकीची नाही. काँटेसाचा सांगाडा 1970 च्या दशकातल्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरचा. लांब बॉनेट आणि रुंद तोंडामुळे आपल्याकडच्या पोरांना तीच स्पोर्ट्स कार वाटायची. पण हिंदुस्तान मोटर्सने आत बसवले ते अॅम्बॅसेडरचेच 1489 सीसीचे बीएमसी इंजिन, जेमतेम 50 अश्वशक्तीचे. पैलवानाच्या अंगात लहान मुलाचे काळीज. पुढे कंपनीलाही ते पटले आणि इसुझूचे 1.8 लिटर इंजिन पाच गिअरांसह आले. म्हणजे इंजिन बदलण्याचे पाप पहिल्यांदा कंपनीनेच केले, आणि गाडी सुधारली.

उलटे उदाहरणही आहे. 1985 मध्ये मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने ब्रिटनच्या रोव्हरची देखणी गाडी 'स्टँडर्ड 2000' नावाने आणली. विलायतेत तिच्यात 3.5 लिटरचे व्ही-8 इंजिन मिळायचे. इथे तिला जुन्या व्हॅनगार्ड गाडीचे 1991 सीसीचे इंजिन दिले. तीन-चार वर्षांत ती बंद पडली. दुसरे इंजिन बसवले की गाडी सुधारतेच असे नाही.

तरीही माझे मत धाकट्याच्या बाजूने आहे. कारण भावनेचे नाही, तीन साध्या गोष्टींचे आहे.

पहिली गोष्ट कागदांची. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार आरसी बुकातला तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करता येत नाही. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावले. इंजिन बदलायचे तर आरटीओची मंजुरी हवी आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढायला हवा. तसे न करता हायवेवर अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते. शिवाय 2021 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे 50 वर्षांहून जुनी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अट अशी की ती मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको. आमची काँटेसा 2036 मध्ये 50 वर्षांची होईल. आज इंजिन काढले तर तो दरवाजा आपल्याच हाताने बंद.

दुसरी गोष्ट ताकदीची. इंजिन बदलले म्हणजे काम संपले, असे नसते. माउंटिंग, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट, रेडिएटर, एक्झॉस्ट, सगळे त्याच्या मापाचे करावे लागते. वजन बदलले की पुढचे सस्पेन्शन बसते. आणि ब्रेक? 50 अश्वशक्तीसाठी बनलेल्या ब्रेकवर दुप्पट ताकद सोडायची, तीही डहाणू-बोर्डी रस्त्यावर, जिथे कधी शाळेची पोरे आडवी येतात तर कधी गुरे. खर्चाचा अंदाज इंजिनाच्या किमतीवरून बांधणारे इथेच फसतात.

तिसरी गोष्ट मोठ्याला आवडली नाही, पण बोललो. भंगारातल्या बिनपावतीच्या इंजिनाचा मालक कोण होता? गाडी अपघातातली होती, की चोरीची? पावती दाखवता येत नसेल तर ते स्वस्त मिळाले म्हणून हलाल होत नाही.

मग जुन्या इंजिनाचे काय करायचे? ते निव्वळ धुऊन-पुसून ठेवा असे मी म्हणत नाही. सिलिंडर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाका. हेड फेसिंग करून घ्या, व्हॉल्व्ह लॅप करा. कॉन्टॅक्ट पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, कार्बोरेटर नवा घ्या. आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येते, ते जुने रबर खाते. म्हणून इंधनाचे पाइप आणि पंपाचे डायफ्राम आधी बदला. रेडिएटरचा गाभा मोठा करा. ब्लॉक तोच राहतो, नंबर तोच राहतो, गाडी मात्र न धापता चालते. 120 च्या वेगाने पळणार नाही. चिखल्याच्या सुरूच्या बनापासून घोलवडपर्यंत पळायला तेवढे लागतही नाही.

ब्लॉकलाच तडा गेला असेल तर मात्र हट्ट नको. तेव्हा कंपनीनेच या गाडीला दिलेले इसुझू इंजिन पावतीसकट शोधा, आरटीओकडून आधी मंजुरी घ्या आणि ब्रेकही त्याच मॉडेलचे बसवा.

एक गोष्ट दोघांनाही सांगितली. मामूंच्या गाडीचे काम करणारे उस्ताद आता सत्तरी ओलांडून गेले आहेत. आवाज ऐकून टायमिंग सांगणारा हा माणूस. आपल्या समाजातल्या कितीतरी घरांची चूल अशाच गॅरेजांवर पेटली, पण त्यांच्या मुलांना कार्बोरेटर शिकायचा नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही. गाडी आणखी पाच वर्षे शेडखाली थांबेल. उस्ताद थांबतील का?

मोठा थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने फोन काढून उस्तादांचा नंबर धाकट्याकडे मागितला. पुढच्या जुम्म्यानंतर हेड उघडायचे ठरले आहे. ब्लॉक शाबूत निघो, एवढी दुआ करा.