काचेबाहेरच्या बायका

मुळशीच्या बचत गटातल्या बायकांबरोबर पुण्याचे राजा केळकर संग्रहालय पाहिले. काचेआड स्वयंपाकाची भांडी, अडकित्ते, दिवे. “हे तर आमच्या आजीकडं होतं!” एकजण म्हणाली. भांडी जपली, ती हाताळणाऱ्या हातांचे काय?

मैत्रिणींनो, संग्रहालये आपले उपाहारगृह नि समारंभांचे जेवण बड्या हॉटेल-समूहाकडे सोपवतात, तेव्हा बायकांचा गट कुणाला आठवत नाही. एका संस्थेकडे आम्ही काम मागायला गेलो, तर तीन वर्षांचे ताळेबंद आणि भलीमोठी अनामत मागितली. नेलेली भाकरी-पिठले कुणी चाखलेही नाही! ठेका हॉटेलवाल्याला, बायका भांडी घासायला, रोजंदारीवर. तलावाकाठच्या रिसॉर्टांत हेच चालते.

बडी कंपनीच लागते असे थोडेच आहे? मुंबईच्या जहांगीर कलादालनातले ‘समोवार’ उषा खन्नांनी १९६४ साली सुरू केले, ते २०१५ पर्यंत चालले. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले, बँकेचे कर्ज मिळवून दिले.

सरकारी पैशावर चालणाऱ्या संग्रहालयांनी गटांना अनामत माफ करावी, आठवड्याचे दोन दिवस तरी उपाहारगृह त्यांच्याकडे द्यावे आणि बिल पंधरा दिवसांत चुकते करावे.