नवव्या क्रमांकाचा चित्रपट

आवडत्या चित्रपटांची यादी करणं हा रिकामटेकड्या माणसाचा उद्योग आहे, हे आमच्या घरात फार पूर्वीच ठरलेलं आहे. तरीही मी तो करत आलो. कुणीतरी फुकट दिलेली एक जुनी डायरी आहे. तिच्या मागच्या पानांवर १९७५ सालापासून माझे दहा मराठी चित्रपट क्रमवार लिहिलेले आहेत. क्रम बदलला की खाली नवी यादी आणि नवी तारीख. जमल्यास नावापुढे एका ओळीत शेरा. शाळेत मास्तर प्रगतिपुस्तकात लिहायचे, तसा.

नियम दोनच. चित्रपट मराठी हवा आणि निदान दोनदा पाहिलेला हवा. हा दुसरा नियम मला महत्त्वाचा वाटतो. एकदा पाहिलेल्या चित्रपटाबद्दल आपण बोलतो तेव्हा बहुधा त्या संध्याकाळबद्दलच बोलत असतो. बरोबर कोण होतं, तिकीट ब्लॅकनं घ्यावं लागलं का, मध्यंतरातला वडा गरम होता का, वगैरे. चित्रपट कसा आहे ते दुसऱ्यांदा कळायला लागतं. अर्थात पुन्हा पाहायला मिळणं हेही नशीबच. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या प्रभातच्या आवारात ठेवलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट रिळांना आग लागली, त्यात किती तरी जुनी रिळं जळून गेली. त्यानंतर कुणी 'जुने चित्रपट काय, कधीही बघता येतील' असं म्हणालं की मला धास्ती वाटते.

डायरी सुरू झाली ती 'सामना'मुळे. १९७५ साली तो पाहून घरी आलो आणि झोप लागेना. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील आणि डॉ. लागूंचा तो दारुडा मास्तर. साखर कारखाना, शाळा, सोसायटी, सगळं एका मुठीत असलेला माणूस, आणि त्याला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणारा एक कफल्लक माणूस. मारुती कांबळेचं काय झालं, हा प्रश्न पुढे कित्येक वर्षं लोक सभांमधून आणि अग्रलेखांतून विचारत राहिले. चित्रपटातला प्रश्न इतका बाहेर आलेला मी तरी दुसरा पाहिला नाही. त्यापूर्वी तीनच वर्षं आधी 'पिंजरा'तही लागू मास्तरच होते आणि फुलेही होते. पण तिथे मास्तर खाली खाली जातो, इथे खाली गेलेला मास्तर उठून उभा राहतो. त्या रात्री 'सामना' पहिला, 'माणूस' दुसरा, 'श्यामची आई' तिसरा, अशी माझी पहिली यादी झाली. 'संत तुकाराम' पाचवा होता. का, तर तरुणपणी माणसाला देवाधर्माचे चित्रपट पहिल्या क्रमांकावर ठेवायची लाज वाटते.

ती लाज गेली दूरदर्शनमुळे. शनिवारी संध्याकाळी मराठी चित्रपट लागायचा तो काळ ज्यांना आठवतो, त्यांना चाळीत कुणाच्या घरी किती चपला बाहेर असायच्या तेही आठवत असेल. अशाच एका शनिवारी 'संत तुकाराम' लागला. आमची आजी पडद्यासमोर, म्हणजे टीव्हीसमोर, हात जोडून बसली. विष्णुपंत पागनीस तिच्या लेखी नट नव्हतेच. मी मात्र त्या दिवशी तुकाराम सोडून जिजाईकडेच बघत राहिलो.

दामले-फत्तेलालांचा हा १९३६ सालचा चित्रपट. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला, १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. शांताराम आठवल्यांनी त्यासाठी लिहिलेलं एक पद तर इतकं तुकोबांचं वाटलं, की लोक ते गाथेत शोधायला लागले. हे सगळं बहुतेकांना ठाऊक असतं. जिजाई झालेल्या गौरीबाई प्रभातमध्ये मोलमजुरीच्या कामाला आलेल्या होत्या, हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं. त्यांचं ते चालणं, म्हशीशी बोलणं, आजारी पोराला हाताला धरून फरफटत देवळात नेणं आणि देवावर वहाण उगारणं यातलं काहीही शिकवून येणारं नाही. नवरा वैकुंठाला निघतो तेव्हा ती त्याच्याबरोबर जात नाही. पोरंबाळं आहेत, घर आहे. विमान वर जातं आणि ती खाली राहते. भक्तिपट म्हणून मांडलेल्या चित्रपटात देवाला जाब विचारणारी बाई अशी मधोमध उभी केली, आणि लोकांनी दोघांनाही हात जोडले! पुढच्या यादीत 'संत तुकाराम' पहिला आला तो आजतागायत तिथेच आहे. 'सामना' दुसरा झाला.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात सांगतो. 'श्यामची आई' तिसरा. अत्र्यांच्या या चित्रपटाला पहिलं राष्ट्रपती सुवर्णपदक मिळालं. त्यानंतर मराठी चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांत पुन्हा सर्वोत्कृष्ट ठरायला तब्बल पन्नास वर्षं लागली, 'श्वास'पर्यंत. वनमालाबाईंची आई पाहून न रडलेला माणूस माझ्या पाहण्यात नाही, मात्र ते रडू आधीपासूनच तयार असतं अशी शंका मला हल्ली येते. 'कुंकू' चौथा. 'माणूस' घसरत पाचव्यावर आला, त्यात चित्रपटाचा दोष नाही. 'सांगत्ये ऐका' सहावा. पुण्यात विजयानंदला तो अडीच वर्षं चालला होता. 'पिंजरा' सातवा, 'जैत रे जैत' आठवा. दहावी जागा मी मुलांसाठी मोकळी ठेवली होती, आणि १९८८ पासून तिथे 'अशी ही बनवाबनवी' जे बसलं आहे ते उठायला तयार नाही. नातवाचं म्हणणं असं, की आजोबा, 'फँड्री' आणि 'कोर्ट' तुमच्या यादीत नाहीत, तेव्हा ती मोडीत काढा. त्याचं बरोबर आहे. 'कोर्ट' मी एकदाच पाहिला आहे, आणि 'फँड्री'तला तो शेवटचा दगड अंगावर आल्यापासून दुसऱ्यांदा पाहायचा धीर झालेला नाही. नियम म्हणजे नियम.

राहिला नववा क्रमांक. तिथे 'उंबरठा' होता. १९८२ सालापासून.

गेल्या दिवाळीत मुलगी आली होती. माळा आवरताना तिला डायरी सापडली आणि तिने सगळ्यांसमोर ती मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. शेऱ्यांवर हशा पिकत होता. सौभाग्यवती करंज्या तळत होती, तिचं लक्ष नसावं अशी माझी समजूत. नववं नाव आलं तशी ती आतूनच म्हणाली, "अहो, जिजाई घर धरून राहिली, तिला पहिला नंबर. श्यामची आई घरातच संपली, तिला तिसरा. घराबाहेर पडून काम करणारी एकच बाई तुमच्या यादीत, तिला नववा. बरं आहे."

मुलीने पुढचा शेराही वाचला. माझंच अक्षर. 'उत्तम. पण शेवट पटला नाही.'

आता थोडं मागचं सांगायला हवं. १९८१ साली आमची ही मुलगी चार वर्षांची असताना तिच्या आईला दुसऱ्या गावच्या मुलींच्या वसतिगृहात अधीक्षिकेची जागा चालून आली होती. राहायला जागा, पगार शाळेपेक्षा बरा, काम तिच्या आवडीचं. घरात चर्चा झाली. माझी आई म्हणाली, पोरीचं कसं होणार? मी नाही म्हटलं नाही. मला आठवतं तसं मी असं म्हणालो, की तू ठरव, तुला योग्य वाटेल ते कर. आणि वर्तमानपत्र उघडलं. तिने आठ दिवसांनी नकार कळवला. घरात पुन्हा तो विषय निघाला नाही. मीही स्वतःला उदार नवरा समजत राहिलो.

पुढच्याच वर्षी 'उंबरठा' आला. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरून तेंडुलकरांनी लिहिलेला, जब्बार पटेलांनी केलेला. सुलभा महाजन ही वकिलाची बायको. सासर सुखवस्तू, सासूबाई स्वतः समाजकार्य करणाऱ्या. एक लहान मुलगी, तिला जीव लावणारी जाऊ. सुलभा महिलाश्रमाची अधीक्षिका होऊन परगावी जाते. तिथे भ्रष्ट कारभार, मुजोर समिती, पुढाऱ्यांची ये-जा. ती लढते, थकते, घरी परतते, तर घर तिच्यावाचून चालायला शिकलेलं असतं आणि नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. ती पुन्हा बाहेर पडते. शेवटी आगगाडी, आणि खिडकीशी स्मिता पाटील.

आम्ही दोघं तो बघून चालत घरी आलो. अर्धा तास कुणीच बोललं नाही. घरी आल्यावर मी डायरीत तो शेरा लिहिला. मित्रांशी बोलताना मी कारणंही द्यायचो. आश्रमातले प्रसंग फार झाले आहेत, मध्यंतरानंतर पसरट होतो, आणि मुलीला ठेवून गेलेल्या बाईबद्दल प्रेक्षकाला सहानुभूती कशी वाटणार? सगळे माना डोलवायचे. बहुतेक सगळे नवरेच असायचे.

नियमाप्रमाणे तो मी पूर्वी दोनदा पाहिलाच होता. पण दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी मुलीने तो टीव्हीवर लावला आणि आम्ही तिघांनी तिसऱ्यांदा पाहिला. या वेळी मी सुलभेऐवजी तिच्या नवऱ्याकडे बघत होतो. गिरीश कार्नाडांनी तो माणूस कसा केला आहे ते मुद्दाम पाहावं. तो ओरडत नाही, हात उगारत नाही. समंजस आहे, नीटनेटका आहे, बायकोशी हसून बोलतो. मेलोड्रामा करायचा असता तर तो खलनायक करणं सोपं होतं, मग आपण सगळे बाजूला बसून त्याला शिव्या दिल्या असत्या. तेंडुलकर-पटेलांनी ती सोय ठेवलेली नाही. चित्रपट पसरट आहे हे माझं मत आजही फारसं बदललेलं नाही. पण शेवट न पटण्याचं खरं कारण त्या पसरटपणात नव्हतं, हे मला खुर्चीत बसल्या बसल्या कळलं.

पुढच्या आठवड्यात मी एकट्यानेच 'कुंकू' काढला. नारायण हरी आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट'वरून शांतारामबापूंनी १९३७ साली केलेला. फसवून म्हाताऱ्या काकासाहेबांशी लग्न लावून दिलेली नीरा त्या नवऱ्याला नवरा मानायला साफ नकार देते. अंगचटीला येऊ पाहणाऱ्या सावत्र मुलाला छडीने फोडून काढते. शांता आपटे यांची नजर आजही झेलवत नाही. बापूंनी त्यात पार्श्वसंगीत वापरलंच नाही, घरातले खरेखुरे आवाज तेवढे ठेवले. गाणं हवं तर नीरा ग्रामोफोन लावते. त्यामुळे त्या वाड्यात घड्याळाचे ठोके आपल्यालाही ऐकू येतात. हे सगळं मी वर्षानुवर्षं लोकांना कौतुकानं सांगत आलो आहे. मात्र एक गोष्ट कधी ध्यानात आली नव्हती. नीरेची सुटका व्हायला केशवराव दात्यांच्या काकासाहेबांना मरावं लागतं. म्हाताऱ्याला पश्चात्ताप होतो, तो जीव देतो आणि जाताना तिला पुन्हा लग्न करायला सांगून जातो. म्हणजे मोकळं करण्याचा मोठेपणा पुन्हा नवऱ्याच्याच पदरात. १९३७ साली याहून पुढे जाणं कठीण होतं, हे कबूल. पण तो शेवट मला का पटत आला आणि सुलभेचा का नाही? 'उंबरठा'त तिला निघण्यासाठी कुणाला मरावं लागत नाही. कुणी परवानगी देत नाही. ती आपली आपण निघते, एवढंच.

आणखी एक धागा मला फार उशिरा दिसला. हंसा वाडकर 'सांगत्ये ऐका'च्या नायिका. त्यांनी पुढे आत्मचरित्राला तेच नाव दिलं. त्यावर श्याम बेनेगलांनी १९७७ साली 'भूमिका' केला आणि त्यात काम केलं स्मिता पाटीलनं. म्हणजे माझ्या यादीतल्या सहाव्या चित्रपटातली बाई आणि नवव्या चित्रपटातली बाई यांची गाठ आधीच पडलेली होती. स्मिता १९८६ च्या डिसेंबरात गेली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. नववा नंबर देऊन तिच्या खिडकीतल्या त्या चेहऱ्याची बोळवण केली होती मी.

तर नवी यादी अशी. पहिला 'संत तुकाराम', तो हलत नाही. दुसरा 'उंबरठा'. तिसरा 'सामना', चौथा 'कुंकू', पाचवा 'श्यामची आई'. पुढचे एकेक पायरी उतरले आहेत आणि बनवाबनवी नातवाच्या भरवशावर दहावा. जाणकारांच्या याद्या येतात, पुरस्कारांच्या येतात. त्यांत 'उंबरठा' कितवा असतो याच्याशी मला कर्तव्य नाही. घरातल्या यादीवर घरातल्यांनी भांडावं. आमचं भांडण व्हायला चाळीस वर्षांहून जास्त लागली, एवढाच काय तो उशीर.

यादी लिहून झाल्यावर मी जुन्या पानावरचा तो शेरा खोडायला पेन उचललं. ही शेजारीच निवडत बसली होती. म्हणाली, "खोडू नका. त्यावर तारीख आहे, तशीच राहू दे." मग ताटातली मेथी बाजूला सारून तिने डायरी ओढून घेतली, चष्मा लावला, दहाही नावं वाचली आणि विचारलं, "जिजाई अजून पहिलीच का?"

मी पुष्कळ बोललो. देवाला जाब विचारते ती, मोलमजुरीला आलेली बाई काय काम करून गेली, वगैरे. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ती चांगलीच आहे हो, पण विमानात जागा होती का ते तिला नीट कुणी विचारलं होतं, हे एकदा पाहायला हवं. म्हणून या रविवारी दुपारी 'संत तुकाराम' लावायचं ठरलं आहे.