आयुष्य वाढले, ते कुणामुळे?

साथींनो, माणसे आता फार जगतात, पेन्शन परवडत नाही, असे आम्हाला ऐकवले जाते. १ जानेवारी २००४ पासून लागलेल्या रेल्वे व टपाल कामगारांची जुनी पेन्शन तर गेलीच.

हा हिशेब आम्हाला मान्य नाही. स्वातंत्र्याच्या वेळी देशाचे सरासरी आयुर्मान ३२ च्या आसपास होते. म्हणजे सगळे बत्तिसाव्या वर्षी मरत नव्हते! तान्ही पोरे देवी, गोवर, हगवणीने जात, म्हणून सरासरी खाली. लस, स्वच्छ पाणी, मीठ-साखरेचे पाणी यांनी ती जगली आणि तीच पुढे कामाला लागली.

तेही फुकट मिळाले नाही. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणारे दल्ली-राजहरा पाहा. जून १९७७ मध्ये तिथे खाणकामगारांवर गोळीबार झाला. पुढे युनियनच्या उपाध्यक्षा कुसुमबाई बाळंतपणात उपचाराअभावी गेल्या. मग शंकर गुहा नियोगींच्या युनियनने कामगारांच्या पैशाने आणि श्रमाने ३ जून १९८३ रोजी शहीद हॉस्पिटल सुरू केले. त्या नियोगींना २८ सप्टेंबर १९९१ रोजी इथे भिलाईत झोपेत गोळी घातली.

आणि आज? २०१४-१८ च्या सरकारी आकड्यांत केरळचे आयुर्मान ७५, छत्तीसगडचे ६५. ही दहा वर्षे कुणी खाल्ली, त्याचा हिशेब आधी द्या. २०२५ ची एकीकृत योजना दाखवून आमची समजूत काढू नका. तिच्यातही पगारातून कपात आहेच.