सिगारची जोडी

हाताने वळलेल्या क्यूबन सिगारच्या धुरात रसिकांना चामडे, कोको, देवदार असे सारे काही सापडते. जोडीला रम घ्यावी की कॉफी, यावर वाद रंगतात. ती वळणारे हात मात्र या रसग्रहणात कुठेच नाहीत. हवानाच्या कारखान्यांत १८६५पासून कामगार स्वतःच्या मजुरीतून वाचक नेमू लागले आणि पाने वळता वळता वर्तमानपत्रे, कादंबऱ्या ऐकू लागले. पुढच्याच वर्षी वसाहती सरकारने या वाचनावर बंदी आणली. (सत्तेला त्याचा दाह बरोबर जाणवला होता!) सिगारची जोडी पुस्तकाशी तेव्हाच जमली; ती मद्याशी जुळवण्याचा खटाटोप मद्यविक्रेत्यांच्या सोयीचा आहे. १९३५ साली निघालेल्या ‘मॉन्तेक्रिस्तो’ने तर आपले नावच द्यूमाच्या कादंबरीवरून घेतले.