चिडाच्या फांदीतला वॉटर फिल्टर

नैनिताल किंवा कसौलीला फिरायला गेलात, की चिडाच्या झाडाखाली एक तरी फोटो निघतोच. पण या झाडाची फांदी गढूळ पाणी गाळू शकते, हे तुम्हाला माहीत आहे का?

आंबा, साग अशा झाडांच्या लाकडात पाणी वर नेणाऱ्या लांब नळ्या असतात. चीड, देवदार या सूचिपर्णी झाडांचं तसं नाही. त्यांच्यात असतात जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या, दोन्ही टोकांना बंद असलेल्या पेशी. त्यांना ट्रॅकीड म्हणतात. एका ट्रॅकीडमधून शेजारच्या ट्रॅकीडमध्ये पाणी जातं ते भिंतीतल्या सूक्ष्म खिडक्यांमधून. प्रत्येक खिडकीत बारीक जाळी आणि मधोमध एक गोल चकती असते. एखाद्या पेशीत हवा शिरली, की चकती सरकते आणि खिडकी बंद! त्यामुळे हवा पुढे पसरत नाही आणि बाकीच्या पेशींचं काम चालू राहतं. अशा वाटेनं पाणी जरा सावकाश चढतं, पण दुष्काळात आणि बर्फात झाड तग धरतं.

हीच जाळी माणसाच्याही उपयोगी पडू शकते. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये रोहित कर्णिक यांच्या गटानं पाइनच्या फांदीची साल काढली, छोटा तुकडा नळीत घट्ट बसवला आणि त्यातून पाणी सोडलं. 2014 साली त्यांनी निष्कर्ष मांडला: 99 टक्क्यांहून जास्त जिवाणू लाकडातच अडकले.

पण लाकूड वाळलं, की चकत्या खिडक्यांना चिकटायच्या आणि पाणी पुढे सरकेनासं व्हायचं. मग असा फिल्टर दूरच्या गावी पाठवायचा कसा? उपाय सापडला: तुकडे आधी गरम पाण्यात भिजवायचे, मग इथेनॉलमध्ये बुडवून वाळवायचे. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या या कामात उत्तराखंडमधल्या झऱ्यांच्या पाण्यावरही चाचण्या झाल्या. तिथल्या डोंगराळ गावांना झऱ्यांचाच आधार आणि चीडही दारातच, म्हणून हे महत्त्वाचं.

एक मात्र लक्षात ठेवा, घरी फांदी तोडून हा प्रयोग पिण्याच्या पाण्यासाठी करू नका. साध्या फांदीतून जिवाणूंपेक्षा कितीतरी लहान असलेले विषाणू निसटू शकतात आणि पाण्यात विरघळलेली रसायनंही आरपार जातात. तोवर पाणी उकळून पिणंच चांगलं.