टेट्रा एकटा राहत नाही, बॉस!

इन्क्रीमेंटचं पत्र हातात पडलं आणि त्याच शनिवारी मी फिश टँक घेतला. दोन फुटी काचेची टाकी, फिल्टर, रंगीत खडे आणि दहा निऑन टेट्रा. दुकानदार म्हणाला, ‘आज पाणी भरा, आजच मासे सोडा. काही होत नाही!’ रविवारी मित्रमंडळी ‘सही आहे यार’ म्हणून गेली. पुढच्या शनिवारपर्यंत दहाचे तीन उरले.

अर्धी चूक दुकानदाराची, अर्धी माझ्या घाईची. नवीन टाकीतलं पाणी दिसतं स्वच्छ, पण माशांच्या घाणीतून सुटणारा अमोनिया संपवणारे बॅक्टेरिया त्यात अजून नसतात. काही बॅक्टेरिया अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन माशांसाठी विष. तिसरं थोडंफार चालतं. ही फौज फिल्टरच्या स्पंजमध्ये जमायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकायचं, फिल्टर चालू ठेवायचा आणि टेस्ट किटवर अमोनिया वर चढून, मग तो आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मगच मासे आणायचे. इतकं साधं आहे, पण आपल्याला सगळं शुक्रवारच्या आत हवं असतं ना!

उरलेले तीन फिल्टरच्या मागे दडून बसले. रंग फिका, खाणं बंद. मला वाटलं, आजारी आहेत. अकाउंट्समधला आमचा एक सीनियर शाळेपासून मासे पाळतो. त्याला सांगितलं, तर हसून म्हणाला, ‘अरे, औषध कसलं देतोस? घाबरलेत ते. त्यांना सोबत हवी.’

निऑन हा पश्चिम अॅमेझॉनच्या खोऱ्यातला, झाडांच्या सावलीतल्या ओढ्यांमधला मासा. 1936 मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं. लांबी जेमतेम तीन-चार सेंटीमीटर, त्यामुळे मोठ्या माशासाठी तो नुसता घास. थव्यात असला की शिकाऱ्याला नेमका कोणता धरावा ते कळत नाही. अंगावरच्या पार्श्वरेषेमुळे शेजाऱ्याची हालचाल पाण्यातूनच जाणवते आणि सगळे एकदम वळतात. दोन-तीनच असतील, तर त्यांचा दिवस भीतीतच जातो. म्हणून कमीत कमी सहा. दहा-बारा असतील तर उत्तम. आणि सोबतीला एंजल फिश अजिबात नको. छोटा आहे तोवर गोड दिसतो, मोठा झाला की तुमचे निऑन त्याचा डिनर!

मग मी शिस्तीत आलो. दर दोन दिवसांनी पाव टाकी पाणी बदललं. नळाचं पाणी क्लोरीन उडण्यासाठी बादलीत चोवीस तास ठेवलेलं. स्पंज नळाखाली नाही, टाकीतून काढलेल्या पाण्यातच खळबळला, नाहीतर क्लोरीनने बॅक्टेरियाही मरतात. रंगीत खडे काढून गडद वाळू आणि दाट झाडं लावली. पाच आठवड्यांनी पाच निऑन आणले, पंधरा दिवसांनी आणखी चार.

एक गोष्ट मुंबईकरांसाठी. निऑनला 22 ते 26 अंश तापमान मानवतं. आपल्याकडे मे महिन्यात टाकी सहज त्यावर जाते. तेव्हा हीटर सोडा, टाकीचं झाकण उघडून जाळी घाला आणि वर छोटा पंखा लावा. नाहीतर सरळ कार्डिनल टेट्रा घ्या. रिओ निग्रोचा हा मासा उकाडा जास्त सोसतो, आणि त्याचा लाल पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत जातो. निऑनचा अर्ध्यावरूनच सुरू होतो. पुण्यात मात्र हिवाळ्यात हीटर लागेल.

परवा रात्री साडेअकराला ऑफिसमधून आलो आणि लाइट लावला. बाराही निऑन पांढुरके! काळजात धस्स झालं. सीनियरला फोन लावणार, एवढ्यात निळा पट्टा हळूहळू पेटू लागला. अंधारात त्यांचा रंग असाच उतरतो, हे नंतर कळलं. मी डबा उघडून टाकीसमोरच जेवायला बसलो. तेवढ्यात सगळे फिल्टरमागून बाहेर आले. जुने तीन कोणते, ते आता मलाही ओळखता येत नाही.