पाठभेदांची नोंद : यंत्राचे काम आणि संपादकाची जबाबदारी



शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हे आपण वाङ्मयेतिहासात वाचले आहे. ग्रंथरचनेनंतर तोवर जवळजवळ तीनशे वर्षे लोटली होती आणि नकला होता होता पाठ बदलत गेले होते. एकनाथांचे हे उपकार थोर आहेत. परंतु कोणत्या ओवीत त्यांनी कोणता पाठ स्वीकारला, कोणता सोडला आणि का, याची ओवीवार नोंद आपल्या हाती नाही. तशी नोंद ठेवण्याची रीत त्या काळी नव्हती. शुद्ध केलेली संहिता आपल्याला मिळाली. त्यामागील निवडीचा विचार मात्र मिळाला नाही. आधुनिक चिकित्सक आवृत्तीचे वेगळेपण नेमके येथे आहे. ती निर्णयाबरोबर निर्णयाचा पुरावाही वाचकापुढे ठेवते.

याचा आपल्याजवळचा आदर्श म्हणजे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती. १९१९ मध्ये सुरू झालेले हे काम १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितांचा उपयोग करण्यात आला. आडव्या-उभ्या रेघा आखलेल्या कागदावर वरच्या ओळीत प्रचलित संहितेतील श्लोक लिहायचा आणि खाली प्रत्येक हस्तलिखितासाठी एक ओळ राखून त्यातील वेगळा पाठ अक्षरश: त्या त्या रकान्यात उतरवायचा, अशी ही पद्धती होती. प्रमुख संपादक वि. स. सुखटणकर यांनी आणखी एक गोष्ट केली. स्वीकारलेल्या पाठाविषयी जेथे पुरेशी खात्री नव्हती, तेथे त्यांनी अक्षरांखाली नागमोडी रेघ छापली. माझ्या मते ही रेघ म्हणजे संपादकीय प्रामाणिकपणाची खूणच होय.

आज तो आखलेला कागद संगणकात आला आहे. निरनिराळ्या प्रतींच्या संहिता टंकलिखित करून दिल्या, की 'कोलेटएक्स'सारखी आज्ञावली त्या शेजारी शेजारी मांडते आणि भेद दाखवते. ते भेद नोंदवण्यासाठी 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह' अर्थात टीईआय या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने खुणांची पद्धत ठरवून दिली आहे. स्वीकृत पाठ कोणता, इतर पाठ कोणते आणि ते कोणत्या प्रतींत आढळतात, हे त्या खुणांनी सांगता येते. हाताने ज्याला वर्षे लागत, ते काम त्यामुळे पुष्कळ लवकर होते. हा लाभ नाकारण्याचे कारण नाही.

तथापि, यंत्र भेद दाखवते. भेदाचा अर्थ सांगत नाही. 'दऱ्या' या शब्दातील 'ऱ्य' हे जोडाक्षर संगणकावर दोन रीतींनी टंकलिखित होते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, यंत्राला मात्र तो पाठभेद वाटू शकतो. उलट, जुन्या पोथ्यांत शब्द सलग लिहिलेले असतात, तर यंत्राला तुटक शब्द हवे असतात. 'कामाला' ही तीन अक्षरे एक शब्द मानावी, की 'का माला' असे दोन? ते शब्द तोडणारा माणूस यंत्र सुरू होण्याआधीच अर्थनिर्णय करून बसलेला असतो. मोडी मजकूर देवनागरीत उतरवतानाही तेच घडते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नसतो. तो आपण घालतो.

याबाबत माझीच एक चूक सांगतो. संशोधनाच्या उमेदवारीच्या काळात एका पोथीच्या दोन प्रती ताडून पाहताना 'जालें' आणि 'झालें' हा केवळ लेखनभेद आहे असे समजून मी सर्वत्र 'झालें' करून टाकले. तक्ता सुटसुटीत झाला. पुढे भाषेचा इतिहास अभ्यासताना ध्यानात आले, की 'जालें' हे जुने रूप कोणता लेखनिक राखतो आणि कोणता बदलतो, हाच प्रतींचा काळ व परस्परसंबंध ठरवण्यातील एक पुरावा होता. तो मी स्वत:च्या हाताने पुसला होता आणि पुसल्याची नोंदही ठेवली नव्हती. सगळे काम पुन्हा करावे लागले. आजच्या आज्ञावलीत अशी एकरूपता एका आदेशाने, हजारो ठिकाणी, क्षणात आणता येते. माझी चूक निदान हाताच्या वेगाने झाली होती!

म्हणून माझे मत असे आहे, की आज्ञावलीचा खरा उपयोग वेगापेक्षा नोंदीसाठी करावा. पोथीतील मूळ अक्षरे जशीच्या तशी एका प्रतीत राखावी. एकरूप केलेली संहिता वेगळी ठेवावी. शब्द कोठे तोडले, कोणते भेद 'केवळ लेखनाचे' मानले, हे लिहून ठेवावे. टीईआयच्या पद्धतीत निर्णय कोणाचा आणि त्याची खात्री किती, हे नोंदवण्याची सोय आहे. सुखटणकरांच्या नागमोडी रेघेचे ते संगणकीय रूप आहे; पण तो रकाना रिकामा सोडला तरी आज्ञावली हरकत घेत नाही. तो भरण्याचे बंधन संपादकाने स्वत:वर घालून घ्यायचे असते.

आपल्यापैकी काहींच्या घरी माळ्यावर किंवा देवघरात एखादी हस्तलिखित पोथी बासनात बांधलेली असेल. नोकरी-संसार सांभाळून शिकणाऱ्या आपणास मोठा प्रकल्प हाती घेणे कठीण, हे मी जाणतो. पण तिचे एकच पान घ्या. तेच पान छापील आवृत्तीशी ताडून, आखलेल्या कागदावर, अक्षरश: उतरवा. प्रत्येक भेदापुढे दोन गोष्टी लिहा : आपल्याला काय वाटते, आणि किती खात्री वाटते. एवढे झाल्यावर मग संगणकाकडे वळा. त्याला काय विचारायचे आणि त्याच्या कोणत्या उत्तरावर विसंबायचे नाही, हे तोवर आपल्याला कळलेले असेल.